इडिपस गंड: एका कल्पनेची परीक्षा

इडिपस गंड ही मनोविश्लेषणातली सर्वांत गाजलेली आणि सर्वांत जास्त टीका झेललेली कल्पना आहे. साधारण तीन ते पाच वर्षांच्या मुलग्याला आई हवी असते, आणि ती सर्वस्वी आपलीच हवी असते. तिच्यावर हक्क सांगणारा बाप त्याला प्रतिस्पर्धी वाटतो; पण त्याच बापावर त्याची मायाही असते. इच्छा, मत्सर, भीती आणि प्रेम यांचा हा गुंता सुटत नाही, दडपला जातो. बापाच्या धाकाने मूल माघार घेते, बापासारखे होण्याचा ध्यास घेते आणि त्याचा दरारा आपल्याच मनात बसवून घेते. मोठेपणी आतून टोचणारी जी सदसद्विवेकबुद्धी, तिचा उगम सिग्मंड फ्रॉइड यांनी या माघारीत शोधला. मुलींच्या बाबतीत हीच मांडणी थोड्याफार फरकाने बसवण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र शेवटपर्यंत अपुराच राहिला, आणि तसे त्यांनी कबूलही केले.

ही कल्पना दवाखान्यात जन्मली आणि नंतर साहित्याला लावली गेली, असा समज आहे. कालक्रम वेगळे सांगतो. ऑक्टोबर 1896 मध्ये फ्रॉइड यांचे वडील याकोब वारले. पुढच्या वर्षी व्हिएन्नात त्यांनी स्वतःच्या स्वप्नांची आणि आठवणींची चिरफाड सुरू केली. तोवर त्यांचे म्हणणे होते की, उन्मादाच्या रुग्णांवर बालपणी खरोखरच लैंगिक अत्याचार झालेले असतात. 21 सप्टेंबर 1897 च्या पत्रात त्यांनी हे मत सोडत असल्याचे बर्लिनमधले मित्र विल्हेल्म फ्लीस यांना कळवले. चार आठवड्यांच्या आतच, 15 ऑक्टोबरच्या पत्रात, आईविषयीची ओढ आणि वडिलांविषयीचा मत्सर आपल्याला स्वतःतही सापडल्याचे त्यांनी लिहिले. हा अनुभव सगळ्यांच्याच बालपणी येत असावा, असे अनुमान काढले. पुरावा म्हणून कोणत्याही रुग्णाची हकीकत त्यांनी पुढे केली नाही. सोफोक्लीजच्या 'राजा इडिपस' या नाटकाची प्रेक्षकांवरची पकड त्यांनी दाखवून दिली, आणि त्याच पत्रात शेक्सपिअरच्या हॅम्लेटलाही साक्षीला बोलावले. म्हणजे साहित्य या सिद्धान्ताच्या पायाभरणीतच आहे. 'स्वप्नांचा अर्थ' हा ग्रंथ नोव्हेंबर 1899 मध्ये, 1900 साल छापून, बाहेर आला; पहिल्या 600 प्रती खपायला आठ वर्षे लागली. 'इडिपस गंड' हे नाव तर 1910 मध्ये रूढ झाले.

हॅम्लेटचे कोडे जुने आहे. 1883 मध्ये गोपाळ गणेश आगरकरांच्या 'विकारविलसित' या अनुवादातून ते मराठी वाचकांपुढेही आले होते. बापाचा खून काकाने केला, हे भुताच्या तोंडून कळल्यावरही हा राजपुत्र सूड का लांबवतो? विचारांच्या ओझ्याने त्याची कृती खुंटली, हे त्याचे रूढ उत्तर. फ्रॉइड यांनी त्यावर बोट ठेवले. हॅम्लेट निष्क्रिय नाही. पडद्याआडच्या पोलोनिअस या दरबाऱ्याला तो बेधडक भोसकतो. रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न या दोघा सोबत्यांना थंडपणे मृत्यूच्या दारी धाडतो. त्याचा हात एकाच माणसावर उठत नाही: ज्याने त्याच्या बापाला मारले आणि आईशेजारची जागा घेतली, त्या क्लॉडिअसवर. कारण क्लॉडिअसने हॅम्लेटचीच बालपणीची दडपलेली इच्छा पुरी केली आहे. शासन करणारा स्वतःच मनातून आरोपी असेल, तर तलवार उचलणार कशी?

तिसऱ्या अंकात हे वाचन कसाला लागते. क्लॉडिअस एकटाच गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे, हॅम्लेट मागे उभा आहे, तलवार उपसलेली आहे. इतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नाही. पण प्रार्थना करताना मेला तर हा स्वर्गात जाईल, अशी सबब काढून तो निघून जातो. तिथून तो थेट आईच्या दालनात शिरतो, आणि जी आग क्लॉडिअसपुढे विझली होती ती तिच्यापुढे भडकते. आईने नव्या नवऱ्याच्या शेजेवर जाऊ नये, हा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. बापाचा खून त्यात मागे पडतो. अखेरच्या प्रसंगात तो क्लॉडिअसला मारतो, तेव्हा विषाचा प्याला पिऊन आई मेलेली असते आणि विषारी तलवारीची जखम होऊन तो स्वतः मरणाच्या दारात असतो. याकडे फ्रॉइड यांचे शिष्य अर्नेस्ट जोन्स यांनी लक्ष वेधले. मात्र तिसऱ्या अंकातच विरोधी पुरावाही आहे. पडद्याआड राजाच असेल, या समजुतीने हॅम्लेटने पोलोनिअसवर वार केला. त्या क्षणी त्याचा हात अडला नाही. समोर चेहरा नव्हता म्हणून तो धजला, असा खुलासा करता येतो. पण प्रत्येक उलट पुराव्याला असा खुलासा सापडू लागला, की सिद्धान्ताची कसोटी घेणेच अशक्य होते.

जोन्स यांनी 1910 च्या लेखातून सुरू केलेले हे विवेचन 1949 मध्ये पुस्तकरूपाने पूर्ण केले. दरम्यान ते रंगमंचावर आणि पडद्यावरही पोचले होते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी 1937 च्या प्रयोगाआधी जोन्स यांची भेट घेतली होती. त्यांच्या 1948 च्या चित्रपटात कॅमेरा पुन्हा पुन्हा आईच्या शय्येकडे वळतो. आईच्या भूमिकेतल्या आयलीन हर्ली या ऑलिव्हिए यांच्यापेक्षा सुमारे अकरा वर्षांनी लहान होत्या. हे नाटक पूर्वी असे पाहिले जात नव्हते. समीक्षेतले एक अनुमान अशा रीतीने नाटकाच्या अंगात भिनले आणि पुढच्या पिढ्यांना ते मूळ संहितेतलेच वाटू लागले.

पात्राकडून लेखकाकडे वळताना फ्रॉइड यांचा पाय घसरला. शेक्सपिअरचे वडील 1601 मध्ये वारले, त्यानंतर लवकरच नाटक लिहिले गेले आणि बापाविषयीच्या बालपणीच्या भावना त्यात उसळून आल्या, असे त्यांनी सुचवले. शेक्सपिअरच्या हॅम्नेट नावाच्या मुलाचा 1596 मधला मृत्यूही जोडीला घेतला. पुढे थॉमस लूनी यांचे 1920 मधले पुस्तक वाचून त्यांची खात्री पटली की, ही नाटके स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअरची नव्हेतच, ती ऑक्सफर्डच्या अर्लची आहेत. विद्वानांनी हे मत स्वीकारले नाही. पण फ्रॉइड यांच्यापुरते पाहिले, तरी ज्या चरित्रावर त्यांनी अनुमानाची इमारत उभारली होती, ते चरित्र त्यांनीच काढून घेतले. हॅम्लेटविषयीचे वाचन मात्र त्यांनी तसेच ठेवले. चरित्र त्या वाचनाला आवश्यक नव्हते, हे यातून आपोआप सिद्ध झाले. लेखकाच्या प्रतिभेपुढे आपले शास्त्र हात टेकते, अशी कबुली दस्तयेव्हस्कीवरच्या 1928 च्या निबंधात त्यांनी दिली. ती आधीच दिली असती तर बरे झाले असते.

खुद्द इडिपसलाही हा गंड लागू पडतो का, याबद्दल शंका आहे. थीब्जच्या राजाने जन्मतःच टाकून दिलेले हे मूल कॉरिंथच्या राजवाड्यात वाढले. त्याच्या बालपणीचे आईबाप म्हणजे मेरोपी आणि पोलिबस. बापाला मारून आईशी लग्न करशील, हे भविष्य ऐकल्यावर तो पळतो, तो त्यांनाच वाचवण्यासाठी. बालपणीची ओढ खरी असेल तर ती मेरोपीची असायला हवी. जन्मदात्या योकास्टाला तर तो प्रौढपणी प्रथमच पाहतो. फ्रेंच अभ्यासक झाँ-पिएर व्हेर्नाँ यांनी 1967 मध्ये हाच मुद्दा मांडला आणि नाटकाचा अर्थ इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सचे कायदे, सत्ता आणि दैव यांच्या ताणात शोधला. याहून जुना आणखी एक मुद्दा आहे. कथेत पहिला घाव बापाचा आहे. पोटच्या पोराचे घोटे टोचून त्याला डोंगरावर मरायला धाडतो, तो लायस. फ्रॉइड यांच्या मांडणीत मुलाची इच्छा ठळक आहे, बापाची हिंसा मात्र अंधारात राहते. अत्याचाराचा सिद्धान्त सोडून मुलांच्या कल्पनाविश्वाकडे वळताना काय हरवले, याची ही खूण आहे.

समाजाकडे वळल्यावर दावा आणखी मोठा झाला. 'टोटेम आणि टॅबू' या 1913 च्या पुस्तकात फ्रॉइड यांनी आदिम टोळीतल्या मुलांनी एकजुटीने बापाचा वध केला आणि त्या अपराधभावातून धर्म, नीती आणि गोत्रबंधने उपजली, अशी कथा रचली. मानववंशशास्त्रात ती टिकली नाही. गंडाच्या सार्वत्रिकतेला पहिला अनुभवसिद्ध धक्का ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले. तिथले कुळ आईकडून चालते. शिस्त लावतो मामा, आणि बाप हा लाड करणारा सवंगडी असतो. तिथे सुप्त वैर मामाशी असते आणि दडपलेले आकर्षण बहिणीचे, असे त्यांनी 1927 मध्ये लिहिले. जोन्स यांनी ते मानले नाही, पण प्रश्न कायमचा रुजला: घर बदलले की गंडही बदलतो का?

या प्रश्नाला भारतातून उत्तर गेले, ते कलकत्त्याहून. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी बरेचसे वाचून आणि रुग्णांवर उपचार करत ही विद्या आत्मसात केली. दमनाच्या संकल्पनेवरचा त्यांचा प्रबंध 1921 चा आहे. 1922 मध्ये पारसीबागान लेनमधल्या त्यांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला, आणि तो शिष्याचा नव्हता. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची उलट इच्छा असते, हा बोस यांचा सिद्धान्त. मुलाला आई हवी असते, तसे आईसारखे व्हावेसेही वाटते. 1929 मध्ये त्यांनी आपले निबंध व्हिएन्नाला पाठवले आणि कळवले की, युरोपीय रुग्णांमध्ये आढळणारी बापाकडून खच्ची होण्याची भीती भारतीय पुरुष रुग्णांत तितकी तीव्र नसते. स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज सापडते. फ्रॉइड यांनी या फरकाची दखल घेतली, सिद्धान्त बदलला नाही. 1931 मध्ये त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती मात्र त्यांनी आपल्या मेजावर ठेवली.

लोकवाङ्मयातून आलेले उत्तर याहून नेमके आहे. इरावती कर्वे यांनी इडिपसकथेचे एक मराठी रूप 1950 मध्ये 'मॅन' या नियतकालिकात इंग्रजीतून प्रसिद्ध केले. ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकात मिळालेल्या अशाच एका कथेवर आपला निबंध बेतला. एका मुलीच्या कपाळी लिहिलेले असते की, ती आपल्याच मुलाशी लग्न करील. ते टाळायला ती रानात जाऊन राहते, पुरुषाचे तोंड पाहत नाही. एका राजाने ज्या झाडाखाली लघवी केली, त्याचा आंबा खाऊन तिला दिवस जातात. मूल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती ओढ्यात सोडते. दुसरा राजा त्याला वाढवतो. तरणाबांड होऊन तो शिकारीला त्याच रानात येतो आणि दोघांचे लग्न होते. बाळ जन्मते, घराच्या रीतीप्रमाणे बाळाच्या बापाचे जुने बाळोते बाहेर काढले जाते, आणि ती आपला लुगड्याचा तुकडा ओळखते. सगळे झोपल्यावर ती बाळाला अंगाई गाते. हे बाळ तिचा मुलगा, नातू आणि दीर आहे. मग ती गळफास घेते.

ग्रीक नाटकातली सगळी नाती इथे आहेत, पण कथेची धनीण बदलली आहे. शोध घेते ती आई, भोगते ती आई, आणि कथा सांगते तीही बाईच. बापाला मारण्याचा प्रसंगच नाही. रामानुजन यांच्या मते भारतीय कथांत आक्रमण बहुधा थोरांकडून धाकट्यांकडे येते. ययाती पूरूचे तारुण्य मागून घेतो. शंतनूच्या लग्नासाठी देवव्रत जन्मभराचे ब्रह्मचर्य पत्करतो. एकाला राज्य मिळते, दुसऱ्याला इच्छामरण. त्यागाचे मोल समाज असे चुकते करतो. वि. स. खांडेकरांच्या 'ययाती'त (1959) मराठी वाचकाने बापाची वासना जवळून पाहिली आहे; या नजरेने ती कादंबरी वाचल्यास पूरूचे देणे तितकेच बोलके वाटते. अर्थात महाभारतातच बभ्रुवाहन अर्जुनाला रणात पाडतो आणि मग उलूपीच्या मण्याने बाप उठून बसतो. तेव्हा हाही निष्कर्ष नियम नव्हे, कल आहे.

मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 1978 च्या पुस्तकात हिंदू मुलग्याचा आईशी दीर्घकाळ जुळलेला धागा आणि पाचव्या वर्षाच्या आसपास पुरुषांच्या जगात होणारी त्याची अचानक पाठवणी यांवर भर दिला. त्यांच्या पुढ्यात होते ते बहुतांशी उच्चवर्णीय एकत्र कुटुंब. शेतमजुरी करणाऱ्या आईचे पोर थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढते. त्याच्या मनाचा आराखडा या चित्रात मावत नाही. 'भारतीय मन' असे एकच मन गृहीत धरणे हे व्हिएन्नाच्या घराला अखिल मानवजात मानण्याइतकेच घाईचे आहे.

शंभराहून अधिक वर्षांच्या या परीक्षेतून निकाल काढता येतो. लेखकाचे निदान करण्याचे साधन म्हणून इडिपस गंड निकामी ठरला. सर्व समाजांना लागू होणारा नियम म्हणूनही तो टिकला नाही. कलाकृतीला विचारायचा प्रश्न म्हणून मात्र तो आजही धारदार आहे: इथे इच्छा कुणाची आहे, भीती कुणाला आहे, आणि कथा कुणाच्या तोंडून येते आहे? हॅम्लेटने त्याला एक उत्तर दिले, ययातीने दुसरे, रानातल्या त्या बाईने तिसरे. 'नाही' म्हणण्याचा हक्क कलाकृतीला दिला, तरच मनोविश्लेषण समीक्षेच्या कामाचे आहे.