हंगाम आणि हंगामी

'हंगाम' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथल्या मातीत इतका मुरला, की तो मूळचा परका आहे याची आठवणही आता कुणाला होत नाही. आंब्याचा हंगाम, पेरणीचा हंगाम, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम अशा नाना प्रयोगांतून तो वावरत असतो. वेळ, उचित समय हा त्याचा मूळ अर्थ. त्याच्याच कुळातला 'हंगामा' हा शब्द गर्दी-गोंधळाकडे वळला. आणि 'हंगामी' हे तिसरे रूप आपल्याकडे कचेरीच्या व कारखान्याच्या भाषेत स्थिरावले. हंगामी म्हणजे कायम नसलेला, ज्याची मुदत आधीच ठरून गेली आहे असा. ऋतू पुन्हा येईल अशी ग्वाही देणारा शब्द आणि माणसाच्या अनिश्चिततेवर बोट ठेवणारा शब्द एकाच मुळातून निघावेत, ही भाषेची मोठी मार्मिक लीला आहे. या दोन शब्दांमधले अंतर मला शब्दकोशापेक्षाही फुटबॉलच्या एका हंगामाने अधिक स्पष्ट करून दिले. तो हंगाम २००५-०६ चा. स्पर्धा राष्ट्रीय फुटबॉल लीगची. आणि विजेता संघ मुंबईचा महिंद्रा युनायटेड.

मी तो हंगाम अनुभवला तो मुंबईत नव्हे. रेल्वेने गेल्यास मुंबईपासून सुमारे अकराशे किलोमीटरांवर असलेल्या भिलाईत, तिच्या रिसाली या वसाहतीत. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझा जन्मही त्याच वर्षीचा. वडील भंडारा जिल्ह्यातून इकडे आले होते. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाचीही राजधानी असल्यामुळे विदर्भातल्या माणसाला येथे आल्यावर आपण परमुलखात आलो असे फारसे वाटत नसे. काही वर्षे इकडे तिकडे काम केल्यावर वडील रेल मिलमध्ये कायम झाले. 'कायम झालो' हे दोन शब्द ते ज्या समाधानाने उच्चारीत, ते समाधान पुढे डॉक्टरेट मिळाल्यावरही माझ्या वाट्याला आले नाही. कारखान्याच्या वसाहतीत माणसाचे वर्गीकरण जात, भाषा, प्रांत यांवरून होत असेलही. पण त्याही आधी ते कायम आणि हंगामी या एका भेदावरून होत असे.

या वसाहतीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. झोतभट्टी एकदा पेटली की ती विझवायची नसते. आतले अस्तर झिजून बदलण्याची वेळ येईपर्यंत वर्षानुवर्षे ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. तिला रविवार नाही, दिवाळी नाही. पाळ्या बदलतात, माणसे बदलतात, धग मात्र तीच राहते. तेव्हा एखाद्या दिवसाच्या पराक्रमापेक्षा सातत्याची मातब्बरी अधिक, हा संस्कार भिलाईच्या माणसावर नकळत होतो. खेळाकडे पाहण्याची माझी दृष्टीही बहुधा यातूनच घडली असावी.

भारतीय फुटबॉलची परंपरा जुनी आहे, परंतु ती प्रामुख्याने बाद पद्धतीच्या स्पर्धांची परंपरा आहे. ड्युरँड करंडक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ चा, आयएफए शील्ड १८९३ ची. कोलकाता, मुंबई अशा शहरांच्या आपापल्या लीग होत्या, त्यांनाही शतकाची परंपरा होती. मात्र साऱ्या देशाचे क्लब एका तक्त्यात आणणारी लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. १९९६-९७ च्या त्या पहिल्या राष्ट्रीय लीगचे विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाने मिळवले. त्यानंतरच्या आठ हंगामांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन संघांनी प्रत्येकी तीन वेळा, तर गोव्याच्या साळगावकर आणि धेंपो यांनी प्रत्येकी एकदा विजेतेपद पटकावले. महाराष्ट्राचे नाव या यादीत नव्हते.

बाद पद्धतीची स्पर्धा आणि लीग यांतला भेद हा साहित्याच्या अभ्यासकाला वाङ्मयप्रकारांतल्या भेदासारखा वाटल्यास नवल नाही. बाद सामना हा एकांकिकेसारखा असतो. पडदा उघडतो, संघर्ष शिगेला पोहोचतो, आणि दीड-दोन तासांत कुणाचे तरी सर्वस्व जाते. लीगचा हंगाम कादंबरीसारखा असतो. तीत कंटाळवाणी प्रकरणे असतात, पावसात वाहून गेलेल्या दुपारी असतात, बरोबरीत सुटलेले आणि कुणालाच न आठवणारे सामने असतात. आणि अखेरीचा अर्थ या साऱ्यांच्या साठ्यातूनच निष्पन्न होतो. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. त्यांच्या विवेचनाचा विषय अर्थातच कलाकृती हा होता. तथापि गुणतक्त्याच्या चढउतारांकडे पाहताना मला त्या तिन्हींची आठवण होत असे. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य, या साध्या अंकगणितातून चार-पाच महिन्यांची एक लय आकार घेत जाते. ती एका दिवसात दिसत नाही. ती दिसण्यासाठी वाचकाला धीर असावा लागतो.

२००६ च्या जानेवारीत सुरू झालेला तो हंगाम मे महिन्यापर्यंत चालला. महिंद्राचा संघ १९६२ पासूनचा. जीप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचा, कूपरेजच्या मैदानावर वाढलेला. ड्युरँड आणि फेडरेशन करंडक त्याने पूर्वी जिंकले होते, लीग मात्र हाती लागली नव्हती. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, एके काळी भारताकडून खेळलेले बचावपटू. आक्रमणात घानाचा युसिफ याकुबू होता, बगलेवर मुंबईचाच स्टीव्हन डायस होता, आणि मोहन बागानच्या प्रेक्षकांचा लाडका ब्राझीलचा जोसे रामिरेझ बारेटो त्या वर्षी मुंबईकडून खेळत होता. माझ्यापर्यंत हे सारे पोहोचे ते नागपूरहून गाडीने येणाऱ्या मराठी वृत्तपत्रातून. अंक दुपारपर्यंत हाती पडे. क्रिकेटच्या मजकुराखाली, बुद्धिबळाच्या शेजारी, चार ओळींची बातमी असे. ती वाचण्यासाठी मी महाविद्यालयातून परतताना चौकातल्या दुकानावर थांबत असे.

त्या चार ओळींचे माझ्याइतकेच आतुर दुसरे वाचक आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. ते बंगाली होते. त्यांचे कुटुंब फाळणीत पूर्व बंगालमधून आलेले, त्यामुळे ईस्ट बंगाल हा त्यांच्यासाठी संघाहून अधिक काही होता. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू; ते मला 'प्रोफेसर साहब' म्हणत. रिसालीत बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, मराठी अशी घरे एकमेकांना लागून असत आणि कुंपणावरून होणारे सारे बोलणे हिंदीत चाले. कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दादांनी पट्टीने रेघा मारून गुणतक्ता आखला होता. प्रत्येक फेरीनंतर ते पेन्सिलीने आकडे खोडून नवे लिहीत. ते कारखान्यात नोंदवह्या सांभाळत; अक्षर रेखीव होते. फेब्रुवारीत मी त्या तक्त्याकडे कुतूहलाने पाहत होतो, एप्रिलमध्ये धडधडत्या छातीने. महिंद्रा आणि ईस्ट बंगाल हे दोघेही वरच्या ओळींत होते, आणि आम्हा दोघांच्या सौजन्याला त्या दिवसांत थोडी धार आली होती.

या तक्त्याला आणखी एक मुदत होती, आणि ती आम्ही दोघेही जाणत होतो. दादा त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचे असते. ज्याने आयुष्यभर 'कायम' या शिक्क्याचा आधार घेतला, त्याला त्या घरात आपण हंगामीच होतो हे एका लेखी पत्राने कळते. दादांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. नियम सर्वांना ठाऊक होता. परंतु सामान बांधण्याच्या दिवसांतही त्यांनी भिंतीवरचा तो कागद काढला नव्हता.

मे महिन्यात महिंद्राने लीग जिंकली. ईस्ट बंगाल दुसऱ्या क्रमांकावर राहिला. महाराष्ट्राच्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. पण महिन्याभरातच जर्मनीत विश्वचषक सुरू झाला आणि चार ओळींच्या त्या विजयावर जगाच्या फुटबॉलचा पूर लोटला. मी दादांकडे गेलो तेव्हा त्यांनी शेवटचे आकडे पेन्सिलीऐवजी शाईने लिहून ठेवले होते. मी सांत्वनादाखल काही बोलणार, तोच ते म्हणाले, "प्रोफेसर साहब, नॉकआउट में हारा हुआ घर जाता है। लीग में हारा हुआ भी टेबल में रहता है।" बाद स्पर्धा आणि लीग यांतील भेदावर मी वर्गात केलेले कोणतेही विवेचन या दोन वाक्यांपलीकडे गेलेले नाही. दादा जून संपण्यापूर्वी मुलाकडे कोलकात्याला गेले. कागद त्यांनी सोबत नेला.

या विजयाची उत्तरकथा सर्वश्रुत असायला हवी होती, पण ती तशी नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली. २००९-१० चा हंगाम संपला आणि महिंद्रा युनायटेड बंद झाला. शालेय स्तरावरील फुटबॉलकडे लक्ष देण्याचे कंपनीने ठरवले होते. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पहिल्या लीगचा विजेता जेसीटीही विसर्जित झाला. संस्थांचे संघ ही त्यापूर्वीच्या भारतीय फुटबॉलची एक व्यवस्था होती. बँक, पोलीस दल, टेलिफोन कारखाना, विमान कंपनी यांच्या संघांत खेळणारा मुलगा त्या संस्थेचा नोकर असे. गुडघा दुखावला तरी त्याच्यापाशी टेबल-खुर्ची उरे. व्यावसायिकता आली तसा खेळाडूचा दर्जा वाढला, मोबदला वाढला, आणि तो कायमचा करारावर आला. या बदलाला ऱ्हास म्हणणे सोपे आहे, आणि प्रगती म्हणणेही. भिलाईत राहणाऱ्याला मात्र हा प्रश्न केवळ खेळाचा वाटत नाही. कंत्राटी कामगारांना न्याय मिळावा म्हणून लढणारे शंकर गुहा नियोगी यांची सप्टेंबर १९९१ मध्ये याच नगरीत हत्या झाली. त्यानंतरच्या काळात कारखान्यातील कायम कामगारांची संख्या घटतच गेली. वडिलांना धन्य करणारा तो शब्द आज येथल्या तरुणाला क्वचितच ऐकायला मिळतो.

अर्थात संघ बंद होतात, माणसे निवृत्त होतात, याचे फार दुःख करण्यात अर्थ नाही. भट्टीचे अस्तरही झिजतेच. परंतु अस्तर बदलल्यावर भट्टी पुन्हा पेटेल हा विश्वास ज्या व्यवस्थेत असतो, त्याच व्यवस्थेत झिजण्याला प्रतिष्ठा असते. नियतकालिकांच्या जगाशी संबंध असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाले, तेव्हा त्याचे जुने अंक कुणी हिरावून नेले नाहीत. हरवला तो पुढचा अंक. उत्तम अंकाचेही मोल त्याच्या मागून दुसरा अंक येणार आहे या भरवशावर थोडेफार अवलंबून असते.

म्हणूनच २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम तूर्त स्थगित ठेवल्याची बातमी आली, तेव्हा मी तिच्याकडे केवळ एक क्रीडावार्ता म्हणून पाहू शकलो नाही. संयोजक आणि महासंघ यांच्यातील कराराची मुदत संपत होती आणि नव्या कराराचे जुळत नव्हते. काही क्लबांनी संघांचे काम थांबवले. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग ते वर्ष सरले तरी सुरू झाली नव्हती. आजवर संघ हंगामी होते, खेळाडू हंगामी होते. त्या वर्षी हंगामच हंगामी ठरला. योगायोग असा, की त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. एके काळी ते महिंद्राकडून खेळले होते, आणि २०१६-१७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरमच्या ऐझॉल संघाने आय-लीग जिंकली होती. जो संघ आज अस्तित्वात नाही, त्याच्या तालमीतला माणूस देशाचा संघ घडवतो आहे. परंपरा संस्थेच्या दारातून बाहेर पडली तरी कधी कधी माणसाच्या अंगाने पुढे जाते, एवढा दिलासा यातून घ्यायला हरकत नाही.

मात्र हा दिलासा पुरेसा मानता येणार नाही. व्यक्ती पुढे जातात म्हणून संस्थांनी आपली जबाबदारी सोडावी, असा त्याचा अर्थ होत नाही. २००५-०६ च्या तक्त्यातली पहिली ओळ आता कुणी पुसू शकत नाही आणि दुसरीही. शाईने लिहिलेले ते आकडे मुंबईचा संघ नाहीसा झाला तरी तसेच आहेत. त्या अर्थाने तो हंगाम कायम झाला आहे. परंतु हंगाम हा शब्द ज्या शेतीतून आपल्या जिव्हाळ्याचा झाला, तिथे मळणीच्या वेळीच पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला काढून ठेवतात. ते ठेवणारे घर कितीही गरीब असले तरी त्याला हंगामी म्हणत नाहीत.