रदबदली

तुमच्या घरी रात्रीची प्रार्थना अजून मराठीत होते का? होत असेल तर शेवटी "आणि देवा, सगळ्या जगात शांती दे, आमेन" येतच असेल. मग दिवा बंद. मला विचाराल तर हे वाक्य अर्धं झोपेतलं असतं. सगळं जग म्हणजे नक्की कोण?

नगरची आमची आजी मध्यस्थीच्या प्रार्थनेला सरळ 'रदबदली' म्हणायची. एखाद्याचं काम अडलंय, त्याला साहेबापर्यंत पोचता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी आपण जाऊन शब्द टाकायचा. आता शब्द टाकायचा तर त्याचं नाव-गाव तरी माहीत हवं ना!

मुलांना उत्पत्तीचा 18वा अध्याय वाचून दाखवा. सदोम शहरासाठी अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. 50 नीतिमान सापडले तर शहर राखशील? बरं, 45? 40? 30? 20? करत करत 10 वर येतो. आमची पोरं खो-खो हसली. आजीचं भाजीवाल्याशी बोलणं त्यांनी ऐकलंय.

पण धाकटीने विचारलंच, "मग शहर वाचलं का?" नाही वाचलं. हे मुलांपासून लपवू नका. वाचला तो लोट आणि त्याच्या दोन मुली, आणि देवाने अब्राहामाची आठवण ठेवून त्याला बाहेर काढलं असं पुढच्याच अध्यायात लिहिलंय. "आपण रोज मागतो, तरी युद्ध का थांबत नाही?" हा प्रश्न तुमच्याकडेही येणार. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. (ज्यांच्याकडे ते तीन मिनिटांच्या व्हिडिओत असतं, त्यांचं मी फार ऐकत नाही.)

खरी अडचण नावं घेताना येते. पहलगाममध्ये 22 एप्रिल 2025 ला जे मारले गेले, त्यांत डोंबिवलीचे होते, पुण्याचे होते. त्या घरांसाठी मागताना कोणाला शिकवावं लागलं नाही. मग मे महिन्यात दोन्हीकडून हल्ले सुरू झाले. आमच्या थोरल्याचा शाळेतला जिगरी दोस्त पाकिस्तानी, त्याची नानी लाहोरला. थोरला म्हणाला, "तिचं पण नाव घेऊ?" माझ्या पोटात संताप होता, खोटं कशाला बोलू. फोनवर सगळे ग्रुप पेटलेले. पण त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? घेतलं नाव.

इंग्लंडमध्ये असाल तर मुलांना एकदा कॉव्हेंट्रीला न्या. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथलं जुनं कॅथेड्रल जळालं. भिंती उभ्या आहेत, वर आभाळ. वेदीच्या मागे इंग्रजीत दोनच शब्द कोरलेत, त्यांचा अर्थ 'हे बापा, क्षमा कर'. 'त्यांना' हा शब्द मुद्दाम घातलेला नाही. दर शुक्रवारी दुपारी 12 ला त्या पडक्या भिंतींत समेटाची प्रार्थना होते. अर्धा दिवस सुट्टी टाकावी लागली तरी जा.

सध्या आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. लाहोरची नानी आहे, एप्रिल 2023 पासून युद्धात होरपळणारं सुदान आहे, धाकटीच्या वर्गातली युक्रेनहून आलेली मुलगी आहे. तिच्या बाबांचं नाव धाकटी उद्या विचारून येणार आहे.

तुमच्या कागदावर कोण आहे? खाली लिहा, आम्हीही नाव घेऊ.