गिरमिट

गेल्या जूनमध्ये आमचा एक माजी विद्यार्थी करारपत्र घेऊन घरी आला. रत्नागिरीकडचा मुलगा. बारावीपर्यंत आमच्याकडे मराठी शिकला, पुढे हॉटेल मॅनेजमेंटला गेला. मॉरिशसच्या एका रिसॉर्टमध्ये सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळणार होते. "सर, मॅडम, एकदा वाचून बघता?"

वाचताना आम्हांला 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचा अपभ्रंश आठवला : गिरमिट. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानी मजूर करार करून मॉरिशसला नेले गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. पोर्ट लुईचा त्यांचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला.

तुलना ताणलेली आहे, हे आम्हांला कळते. हा मुलगा विमानाने जाणार, विद्यावेतन घेणार, परत येणार. तरी एका कलमापाशी आम्ही थबकलो. पासपोर्ट रिसॉर्टच्या कार्यालयात जमा राहणार होता. वस्तुतः भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. शिवाय कामाचे तास कुठेच नमूद नव्हते.

"विचारलं तर जागा दुसऱ्याला देतील," तो म्हणाला. "बाबांनी एजंटाचे पैसे भरलेत."

आम्ही निरुत्तर झालो. शब्दांचे अर्थ लावायला आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. प्रश्न विचारण्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र कधी शिकवले नाही. अखेर तिघांनी बसून पत्र लिहिले. पासपोर्टचे कलम वगळले गेले. तासांविषयी उत्तर आलेच नाही.

तो गेला. समुद्राची छायाचित्रे पाठवी. आम्ही मात्र दर वेळी आधी एवढेच विचारत असू : आज किती तास?