फोर बाय फोर आणि एक काठी

हिवाळ्यात स्पितीला जायचं तर वाट एकच. अटल बोगद्यामुळे मनालीहून लाहौल आता हिवाळ्यातही गाठता येतं, पण तिथून स्पितीत उतरायला साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते. ती एकदा बर्फानं बंद झाली की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उघडत नाही. मग उरतो तो सतलजच्या काठाकाठानं जाणारा लांबचा रस्ता: शिमला, नारकंडा, रामपूर, पूह, नाको, ताबो आणि काझा. फेब्रुवारीत आम्ही तोच धरला.

गाडी भाच्याची. थार, नाशिकच्याच कारखान्यात बनलेली आणि नाशिकच्याच नंबरची. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसाळी चिखलात त्यानं ती मनसोक्त घातली होती, आणि बर्फ म्हणजे पांढरा चिखल असा त्याचा साधा हिशेब होता. “मामा, फोर बाय फोर आहे. टेन्शन घेऊ नका,” हे वाक्य मी शिमल्यापासून ऐकत होतो. मामा टेन्शन घेत नव्हता. मामा फक्त दरीच्या बाजूला बसला होता.

खाबच्या पुलापाशी स्पिती नदी सतलजला मिळते आणि रस्ता नाकोकडे वळणावळणानं चढू लागतो. इथून बर्फाचा खरा स्वभाव कळायला लागला. डोंगराच्या ज्या अंगावर ऊन पडतं तिथलं डांबर खडखडीत कोरडं. वळण संपून सावलीत शिरलं की त्याच डांबरावर पातळ, पारदर्शक थर. दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठून झालेला. खालचं डांबर स्पष्ट दिसतं म्हणून रस्ता नुसता ओला असावा असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो.

थारची फोर-व्हील ड्राइव्ह जुन्या वळणाची आहे. लीव्हर ओढला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडला जातो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. बर्फावर ती जराशी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला वावच नसतो. सगळा ताण गिअरवर येतो आणि स्टिअरिंग जड होतं. त्यामुळे ऊन आलं की टू-हाय, सावली आली की फोर-हाय, असा भाच्याचा डावा हात दिवसभर चालू होता.

ताबोचा ९९६ सालचा गोंपा वाटेत पाहिला. त्याबद्दल जाणकारांनी इतकं लिहून ठेवलंय की मी भर घालण्याचं कारण नाही.

काझ्यापर्यंतचा मोठा रस्ता सीमा सडक संघटनेच्या ताब्यात आहे. बर्फ पडला की त्यांची यंत्रं बाहेर पडतात आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती उभ्या करत रस्ता मोकळा करतात. म्हणूनच काझ्याला पोहोचलेल्या पर्यटकाला आपण बर्फात गाडी चालवली असं वाटतं. ती त्यानं चालवलेली असते बर्फाच्या मधून. बर्फातली गाडी काझ्याच्या वर सुरू होते. किब्बर, लांग्झा, हिक्किम, कोमिक या गावांकडे जाणाऱ्या फाट्यांवर यंत्र येईल तेव्हा येईल.

आम्हाला लांग्झामार्गे हिक्किमला जायचं होतं. हिक्किमला सुमारे ४,४०० मीटर उंचीवर १९८३ पासून टपाल कार्यालय आहे, आणि तिथून घरी पत्र टाकायचं हा भाच्याचा हट्ट. काझ्यातल्या आमच्या यजमानांनी आम्हाला एकटं सोडायला साफ नकार दिला आणि गावातला एक टॅक्सीवाला सोबत दिला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं थारभोवती एक फेरी मारली, टायरच्या नक्षीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, “साहब, फोर बाय फोर चलाता है. रोकता नहीं.”

या एका वाक्यात बर्फातल्या गाडीचं अर्धं शास्त्र आलं. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळाला तर गाडी चढते, निघते, सुटते. पण ब्रेक तर अल्टोलाही चारच चाकांना असतात. ताशी ३० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून पाचेक मीटरमध्ये उभी राहते. दाबल्या गेलेल्या बर्फावर त्याच गाडीला पंधरा-वीस मीटर लागतात आणि नितळ बर्फावर तीस मीटरच्याही पुढे. फोर बाय फोरचा धोका हाच, की ती तुम्हाला सहज वेग घेऊ देते. साधी गाडी चढावरच गरगरून चालकाला वेळेत सावध तरी करते.

रात्री पारा उणे वीसच्या खाली गेला. टॅक्सीवाल्यानं सांगितलं होतं तसं आम्ही हँडब्रेक लावला नव्हता. ओले ब्रेक रात्रीतून गोठून चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले आणि वायपर काचेपासून उचलून ठेवले. सकाळी शेजारच्या डिझेल बोलेरोखाली रॉकेलचा स्टोव्ह पेटवून तिला शेक देणं चाललं होतं. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं ते याचसाठी. आमची थार पेट्रोलची. किल्ली फिरवल्यावर जरा कुरकुरली आणि सुरू झाली. भाच्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू इंजिन त्यानंच ओतलं होतं.

काझ्यातून वर निघाल्यावर काही वळणांतच आदल्या रात्रीचा बर्फ लागला. कोरडा, भुसभुशीत, चाकाखाली करकरणारा. गुडघ्याच्या जरा खाली. टॅक्सीवाल्यानं गाडी थांबवायला लावली. टायरमधली हवा बत्तीसवरून अठरावर आणली, म्हणजे टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक कमी रुततं. मग चारही चाकांना चेन. हे काम हातमोजे काढून करावं लागतं आणि कडी अडकेपर्यंत बोटं आपली राहत नाहीत. लीव्हर फोर-लोला. यात चाकाला मिळणारा जोर सुमारे अडीचपट होतो आणि वेग माणसाच्या चालीवर येतो. दुसरा गिअर, पाय हलका, आणि एकदा धरलेली गती सोडायची नाही.

एवढं झाल्यावर तो गाडीत बसेल असं मला वाटलं होतं. त्यानं डिकीतून एक लांब काठी काढली आणि तो चालत पुढे निघाला.

न उपसलेल्या बर्फात पहिला प्रश्न ‘गाडी जाईल का’ हा नसतोच. रस्ता कुठे आहे, हा असतो. डोंगराची उतरण, रस्ता आणि दरीकडची कड या तिन्हींवर एकच पांढरी चादर असते. वाऱ्यानं उडवलेला बर्फ कडेच्या बाहेरही साचून राहतो आणि वरून रस्ता दोन-तीन फूट रुंद झाल्यासारखा दिसतो. त्या जास्तीच्या रुंदीखाली जमीन नसते. तो काठी खुपसत चालला होता. खट्‌ आवाज आला की रस्ता. काठी नुसती आत गेली की तो हात वर करी आणि आम्ही डोंगराच्या अंगाला सरकत असू. एका ठिकाणी त्यानं बुटानं बर्फ बाजूला केला, तर खाली हिरवट, फुगलेला, डोंगराकडून दरीकडे कललेला बर्फाचा पाट. झऱ्याचं पाणी रस्त्यावर येऊन थरावर थर गोठलेलं. फोर बाय फोर असो की रणगाडा, अशा उतरत्या पाटावरून तो आडवा घसरतच जाणार. त्यानं फावड्यानं त्यावर खाचा पाडल्या, गोणीतली रेती टाकली आणि मगच आम्हाला बोलावलं.

त्याच्या पुढच्या वळणावर बर्फ वाऱ्यानं गोळा होऊन मांडीपर्यंत आला होता. थारचं पोट जमिनीपासून जेमतेम सव्वादोनशे मिलिमीटर वर. बंपर बर्फ लोटत गेला, लोटलेला बर्फ गाडीखाली गेला, दाबला गेला, आणि गाडी पोटावर टेकली. चाकं फिरताहेत, गाडी जागेवर. भाच्यानं सवयीनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तसा बाहेरून ओरडा आला. गरगरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो लगेच गोठतो आणि आपणच चाकाखाली नितळ बर्फाची वाटी तयार करतो.

इंजिन बंद करून आम्ही उतरलो. अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसणारे लोक असतात. सायलेन्सर बर्फात बुजलेला असेल तर विषारी वायू आत येतो आणि वासही लागत नाही. मी चाकापुढचा बर्फ उपसायला लागलो, तर टॅक्सीवाल्यानं फावडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि तो गाडीच्या पोटाखाली आडवा झाला. आधी पोट मोकळं करायचं, म्हणजे वजन पुन्हा चाकांवर येतं. चाकांवर वजनच नसेल तर चार काय आणि सहा काय. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी. टर्बोमुळे इंजिनाला ते फारसं जाणवत नाही, पण मामाला टर्बो नव्हता. पाच-सहा फावडी झाली की मी बंपरला टेकून उभा. पुढे त्यानं गाडी स्वतःच्याच चाकोरीतून मागे घ्यायला लावली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, दर खेपेला हातभर जास्त. धडक मारून जायचं नाही. बर्फाखाली दगड असू शकतो.

लांग्झा आलं. गावाच्या टोकाला दरीकडे पाहत बसलेली मोठी बुद्धमूर्ती, छपरांवर रचलेला चारा, मागे छाऊ छाऊ कांग निल्दाचं शिखर. एका घरात तंदूरशेजारी बसून चहा प्यालो. त्या घरासमोर एक जुनी अल्टो उभी होती, पुढच्या चाकांना चेन लावलेली. भाचा तिच्याकडे पाहतच राहिला. घरमालक म्हणाला, बर्फ पडणार असं दिसत होतं म्हणून कालच गॅसचा सिलिंडर आणून ठेवला. आता रस्ता उघडेपर्यंत ती हलणार नाही. स्पितीतला सगळ्यात हुशार चालक मला त्या क्षणी तोच वाटला. त्यानं बर्फाशी झटापट केलीच नव्हती.

चहा संपेपर्यंत आभाळ भरून आलं. हिक्किमच्या फाट्यावर एकाही चाकाची खूण नव्हती. ऊन गेलं की बर्फावरच्या सावल्या जातात आणि सावल्यांबरोबर खड्डा, उंचवटा, कड सगळंच जातं. डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. टॅक्सीवाल्यानं वर पाहिलं, फाट्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “आता इथवर आलोच आहोत तर...” भाच्यानं सुरुवात केली. त्यानं उत्तर दिलं नाही. गाडी वळवायला जागा कुठे आहे ते काठीनं शोधू लागला.

उतरताना फोर-लो, पहिला गिअर, आणि पाय ब्रेकपासून दूर. इंजिनच गाडी धरून ठेवत होतं. चढताना आपणच पाडलेल्या चाकोऱ्या दुपारच्या उन्हात मऊ होऊन आता कडक होऊ लागल्या होत्या आणि त्या सोडणं शक्यच नव्हतं. काझ्यात पोहोचलो तेव्हा पुन्हा बर्फ पडायला लागला होता. पत्रं काझ्याच्याच टपाल कार्यालयात टाकली.

कोमिकच्या पाटीवर ४,५८७ मीटर आणि गाडीरस्ता असलेलं जगातलं सर्वांत उंच गाव असं लिहिलेलं आहे. त्या पाटीशेजारी बर्फात फोटो काढायला दर हिवाळ्यात गाड्या वर जातात. वर एखादी बाहेरची गाडी अडकली की फावडी घेऊन निघतात ती गावातली माणसं, आणि त्यांचा तो दिवस त्यांच्या जनावरांचा आणि चुलीचा असतो. तेव्हा जाणार असाल तर जरूर जा, पण काझ्याच्या वर स्वतःची गाडी नेण्याआधी यंत्र जाऊन आलंय का ते विचारा आणि गावातला माणूस सोबत घ्या. तो परत फिरा म्हणाला तर वाद न घालता फिरा. पैसे मात्र पूर्ण दिवसाचे द्या.