मधली जागा

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटणारी कोकण बोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आठवत असेल, डेकच्या तिकिटावर जागेचा नंबर नसायचा. जो आधी वर पोचेल त्यानं सतरंजी पसरायची. बाकीची मंडळी कठड्याकडे धावत. आमचे वडील मात्र बोटीच्या बरोब्बर मधोमध ट्रंक आडवी टाकत. "मधी बस गे, बोट लागाची नाय," एवढंच स्पष्टीकरण. त्यातही ते किंचित डावीकडे सरकत, कारण वेंगुर्ल्याला जाताना किनारा डाव्या हाताला आणि दुपारचं ऊन उजवीकडून. पुढ्याला बसून लाटांची मजा बघणारे जयगड येईस्तोवर लिंबू मागायला आमच्या आईकडे येत.

ती बोट बंद पडली, पण जागा निवडायची खोड राहिली. एसटीत मागच्या चाकावरची सीट मी कधी घेतली नाही, रुमाल टाकून कुणी धरून ठेवली असली तरी. रेल्वेत डब्याच्या टोकाची बर्थ नको, चाकं खाली आणि संडासाचं दार उशाशी.

निवृत्तीनंतर मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझवर जायचं ठरलं, तेव्हा बुकिंगवाल्यानं बाल्कनीचे गुण गायला सुरुवात केली. "समुद्रावर जाऊन खिडकी नको, मॅडम?" मी त्याच्याकडे डेकप्लॅन मागितला. हे जहाज १९९०चं, आधी 'एम्प्रेस ऑफ द सीज' नावानं अमेरिकन कंपनीकडे होतं. आजच्या नव्या जहाजांच्या मानानं त्यावर बाल्कन्या थोड्याच, म्हणजे भाव चढाच. जेवण तेच, नाच-गाणी तीच, वरचा मोकळा डेक सगळ्यांचा. दोन रात्रींपुरतं गोव्याला जायचं, त्यातली जागेपणीची वेळ बाहेरच जाणार. मग बिनखिडकीची इनसाइड केबिनच घ्यायची, फक्त कुठली, हे बघायचं.

जहाज पुढं-मागं डुलतं तेव्हा पुढचं आणि मागचं टोक जास्त उचललं जातं, आडवं कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. खालच्या मजल्यावरची मधली केबिन सगळ्यात स्थिर, आणि गंमत म्हणजे बहुधा स्वस्तही. आणखी एक बघायचं: डोक्यावर आणि पायाखाली दुसऱ्या केबिनच असाव्यात. वर पोहायचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट, खाली थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. खिडकीची केबिन संशयास्पद स्वस्त दिसली तर समोर जीवरक्षक होडी टांगलेली असण्याचा संभव धरावा.

आमची केबिन म्हणजे दोन पलंग, एक आरसा आणि कूस बदलता येईल एवढी वाट. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, म्हणून न्हाणीघराचं दार किलकिलं ठेवायचं. भिंती पत्र्याच्या; घरून नेलेले लोहचुंबकाचे हूक टचकन चिकटले आणि ओले टॉवेल, टोपी, पिशवी सगळं भिंतीवर गेलं. रात्री कपाटातला हँगर जरा टकटकला तेवढंच. पहाटे मी गजर लावून वर गेले. बाल्कनीवाले झोपले होते, अख्खा डेक माझा होता आणि किनाऱ्याची बाजू अर्थात डावी.

बाल्कनीला मी नावं ठेवत नाही. नॉर्वेच्या फिओर्डांतून किंवा अलास्काच्या हिमनद्यांसमोरून जहाज दिवसभर हळू सरकतं, तिथं ती घ्यावीच. पैसे साठवून, एक वर्ष थांबून. मुंबई-गोव्याला नको.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. जाहिरातीतला दर एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी असतो, वर बंदराचे आकार, टिप आणि कर, तेव्हा शेवटचा आकडा कागदावर मागा. एकट्यानं गेलात तर जवळजवळ दोघांचे पैसे द्यावे लागतात. तिसरा-चौथा मात्र भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर स्वस्तात येतो. 'गॅरंटी' केबिन सगळ्यात कमी पैशांत मिळते, पण तिचा नंबर कंपनी ठरवते. घरात कुणाला बोट लागत असेल तर ती घेऊ नका.