किनाऱ्याचा वाली

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा मी उरण तालुक्यात तलाठी होतो. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात पडले, आणि सुमारे ८०० टन इंधन तेल सांडल्याचा अंदाज निघाला. अमावास्या तोंडावर होती. उधाणाच्या भरतीने ते तेल खाडीत, थेट तिवरांत आणून सोडलं.

तेलगळतीसाठी देशाचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे. त्यात कामांची वाटणी केलेली आहे. समुद्रात तटरक्षक दल, बंदराच्या हद्दीत बंदर, आणि किनाऱ्याची सफाई राज्य सरकारकडे. समुद्रातलं काम नेटाने चाललं होतं. तटरक्षक दलाची जहाजं आणि हेलिकॉप्टर तवंगावर रसायन फवारत होती. त्याने तेलाचे बारीक थेंब होतात. पण उथळ पाण्यात, तिवरांजवळ ते मारणं धोक्याचं. तिथे माणसाचे हातच लागतात.

तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर आलेली असतात. ती सगळी काळ्या, चिकट थराखाली गेली होती. पुसायला आत शिरलं की मांडीपर्यंत पाय रुतत आणि तेल आणखी खोल दाबलं जाई. म्हणून बरीच तिवरं तशीच सोडावी लागली. वाळूवर मात्र फावडी, घमेली घेऊन गाव उतरलं. हातमोजे पोहोचले तोवर निम्म्या गोण्या भरून झाल्या होत्या. तेलकट वाळू हा घातक कचरा, ती कुठेही ओतता येत नाही. न्यायची कुठे, हे विचारलं की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेवटी भरतीचं पाणी गोण्यांना टेकलं, तेव्हा पोरांनी रात्रीच त्या वर ओढल्या.

मासे कुणी घेईना. मी पंचनामे करत फिरत होतो. चिंबोऱ्या आणि निवट्या धरून घर चालवणाऱ्या एक काकू म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या कागदावर होडीचा रकाना हाय. माझी होडी नाय. माझी खाडी गेली, ती कुठं लिवशील?”

मी ते शेऱ्यात लिहिलं. रकाना नव्हताच.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात पावसाळ्याआधी आपत्तीची बैठक होते. पुराची तयारी तिथे गावनिहाय ठरते, तशीच तेलाचीही ठरायला हवी. मोजे आणि गोण्या कुठल्या गोदामात, भरलेल्या गोण्या कुठे ठेवायच्या, कोणत्या खाडीचं तोंड आधी अडवायचं, होडीशिवाय मासे धरणारी घरं कोणती, हे सगळं आधी कागदावर यावं. आणि त्या बैठकीला खाडीत उतरणाऱ्या बायकांना मानाने बोलवावं. भरतीचं पाणी कुठून आत शिरतं, हे त्या नकाशा न बघता सांगतात.