दुपारी एक

दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट बसते, हे महाराष्ट्रात इतकं गृहीत धरलेलं आहे की एखाद्या वर्षी बसली नाही तर लोकांनाच शंका येते. पंधरा लाखांच्या आसपास मुलं, नऊ विभागीय मंडळं, आणि सगळ्यांना जाहीर केलेली एकच वेळ, दुपारी एक. त्यात निकाल बघणारं मूल एकटं नसतंच. त्याचा बैठक क्रमांक मामाकडे असतो, क्लासच्या सरांकडे असतो, नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्याकडेही असतो. पान उघडलं नाही की हे सगळे मिळून रिफ्रेश मारत बसतात.

असे निकाल दाखवणाऱ्या एका साइटचं काम काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे आलं. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणी बांधलेली ती साइट एक वाजल्यावर लगेचच झोपली होती. काम देणाऱ्या साहेबांचं निदान तयार होतं. "अहो, गेल्या वर्षी आठ सर्व्हर होते. यंदा सोळा लावा, विषय संपला."

मी आदल्या वर्षीचे लॉग मागवले. सर्व्हर जवळजवळ रिकामे बसले होते, रांग लागली होती ती मागे, डेटाबेसपुढे. हिशेब साधा आहे. डेटाबेसला शंभर कनेक्शन आणि एका क्वेरीला २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५,००० निकाल. ऐकायला भरपूर वाटतात. पण गर्दीत तीच क्वेरी २०० मिलिसेकंदांवर गेली की त्याच शंभर कनेक्शनांतून सेकंदाला जेमतेम ५०० निघतात. उरलेल्यांचा टाइमआउट होतो, ते चिडून पुन्हा विचारतात, आणि ज्यांनी पान बंद केलं त्यांच्या क्वेरी आत चालूच राहतात. गरज सर्वांत जास्त तेव्हा क्षमता सर्वांत कमी. आठाचे सोळा सर्व्हर करणं म्हणजे मांडव दुप्पट करून वाढपी तेवढेच ठेवणं. टेलिफोन एक्स्चेंजवरच्या गर्दीचं गणित कोपनहेगनच्या ए. के. एरलांगने १९०९ मध्येच मांडलं होतं. आमच्या धंद्यात ते दर पिढीला नव्याने कळतं.

ऑटोस्केलिंगचाही आग्रह झाला. लोड वाढला की क्लाउड आपोआप नवी मशिनं जोडतो, हे खरं. पण नवं मशिन जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि निकालाची लाट एका मिनिटात येते.

मला खटकत होतं ते वेगळंच. निकाल एकदा लागला की त्या दिवसात बदलत नाही. मग तो दर वेळी डेटाबेसला विचारायचाच कशाला? एका निकालाचा मजकूर फार तर तीन किलोबाइट. पंधरा लाख निकाल म्हणजे साडेचार जीबी, साध्या फोनमध्येही मावतील एवढे. आम्ही डेटाबेस वाटेतून काढूनच टाकला. प्रत्येक मुलाची एक तयार फाइल बनवायची आणि सगळ्या फाइली सीडीएनवर ठेवायच्या.

फाइलला नाव काय द्यायचं, यावर मात्र बराच वाद झाला. नुसता बैठक क्रमांक दिला असता तर शेजारच्या बाकावरच्याचा निकाल कुणीही उघडला असता. निकाल बघताना क्रमांकासोबत आईचं नाव विचारतात. आम्ही दोन्ही जोडून त्यांचा हॅश काढला आणि तेच फाइलचं नाव ठेवलं. आईचं नाव चुकलं तर त्या नावाची फाइलच सापडत नाही, वेगळी तपासणी करावी लागत नाही. ही कल्पना आमच्या टीममधल्या सर्वांत नव्या मुलीची. मला आजही तिचा हेवा वाटतो.

फाइली बनायला मिनिटं लागली, चढवायला तास. लाखो बारीक फाइली चढवणं एका मोठ्या फाइलीपेक्षा किती संथ असतं, ते रात्रभर जागल्याशिवाय पटत नाही. सगळ्या एका अवघड नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. एक वाजता आम्ही फक्त मुखपृष्ठ बदललं, त्यात त्या फोल्डरचा पत्ता होता. जुनं मुखपृष्ठ कॅशमध्ये अडकून राहू नये म्हणून त्याची मुदत ३० सेकंद ठेवली होती, त्यामुळे काहींना निकाल अर्धं मिनिट उशिरा दिसला. कुणाची तक्रार आली नाही. आलेख भिंतीसारखा उभा चढला, पण मूळ सर्व्हरला त्याची झळ लागली नाही.

फोन वाजले, पण ते आईच्या नावाचे. "सुनीता"चं स्पेलिंग हॉल तिकिटावर एका आयने होतं, घरी सगळे दोन ई लिहितात. मोकळ्या जागा आणि कॅपिटल अक्षरं आम्ही आधीच सरळ करून घेत होतो. ई आणि आयचं काय करणार? "हॉल तिकिटावर आहे तसंच टाका," एवढंच सांगत राहिलो.

संध्याकाळी साहेब खूश होऊन म्हणाले, "आता गुणपडताळणीचे अर्जही असेच घ्या की." अर्ज म्हणजे फी, पावती, आणि एकाच मुलाचे दोनदा कापलेले पैसे. तिथे प्रत्येक जण काहीतरी लिहून जातो, तयार फाइल चालत नाही. मी तीन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी पंधरा दिवस देऊ केले. ते काम आम्ही घेतलं नाही.